जेम्स लॉसन : प्रीतीचा सराव करवून घेणारा शिक्षक

(रविवारच्या शाळेतील मोठ्या वर्गासाठी. शास्त्रवाचन : मत्तय ५:३८–४८; याकोब ५:१–६)



या वेळच्या पाठासाठी आम्ही पवित्र शास्त्रातील व्यक्ती घेतलेली नाही. ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते पाळक जेम्स लॉसन ९ जून २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी प्रभूमध्ये निजले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतील अहिंसेचे शिक्षक आणि गरीब कामगारांचे साथी अशी त्यांची जगाला ओळख आहे. आपल्याला त्यांची आणखी एक ओळख असावयास हवी होती. पण आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी कोणालाच ती नव्हती. १९५३ ते १९५६ ही तीन वर्षे हे गृहस्थ आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, चुलते, मामा हिस्लॉपमध्ये शिकले असतील. एखाद्या घरी जुना ग्रुप फोटो असेल, तर त्यात एक उंच, चष्मा घातलेला कृष्णवर्णीय तरुण दिसतो का, ते जरूर पाहावे.

मुलांना सांगताना सुरुवात मात्र नागपुरापासून करू नये. ती स्वयंपाकघरापासून करावी.

ओहायो प्रांतातील मॅसिलॉन हे गाव. तेथे एका मेथडिस्ट पाळकाच्या घरी मुलांचा गोतावळा होता, त्यात हा जेम्स, जन्म १९२८ चा. वडील कडक. गोऱ्यांच्या दांडगाईचा अनुभव असल्यामुळे ते पाळक असूनही कमरेला पिस्तूल बाळगीत. आई जमैका बेटावरची. हिंसेने काही साधते हे तिला मान्य नव्हते. एकाच घरात, एकाच मेजावर प्रार्थना करणारी ही दोन मते, आणि मुलगा दोघांचे पाहात वाढत होता.

एके दिवशी आईने त्याला कामासाठी बाहेर पाठविले. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीतून एका लहान गोऱ्या मुलाने त्याला त्याच्या वर्णावरून घाणेरडी शिवी दिली. जेम्स सरळ गाडीपाशी गेला, मुलाच्या थोबाडीत दिली आणि घरी आला. आई स्वयंपाक करीत होती. त्याने घडलेले सगळे सांगितले. बहुधा शाबासकीची अपेक्षा असावी. आईने मान वळविली नाही. हातातले काम करीतच तिने विचारले, “जिमी, त्याने काय भले झाले?” आणि मग ती बराच वेळ बोलत राहिली. आपले घर कशावर उभे आहे, आपण कोणाचे आहोत, देवाची आपल्यावर प्रीती आहे ती कोणाच्या शिवीने कमी होत नाही, आणि याहून चांगला मार्ग असलाच पाहिजे, असे ती सांगत होती. आपण पुन्हा कोणावर हात उगारणार नाही हा निश्चय त्या स्वयंपाकघरात झाला, असे लॉसन म्हातारपणीही सांगत.

शिक्षकांनी येथे थांबावे. घाईने बोध सांगू नये. “याहून चांगला मार्ग असलाच पाहिजे,” असे आई म्हणाली, पण तो मार्ग कोणता हे तिने सांगितले नाही. बहुधा तिलाही तो ठाऊक नव्हता. मुलाचे पुढचे सारे आयुष्य तो शोधण्यात गेले.

कॉलेजात असताना लॉसन शांतिवादी ख्रिस्ती मंडळींच्या सहवासात आले. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा त्यांनी नकार दिला. ते पाळकपदासाठी शिकत होते. त्या सबबीवर त्यांना सहज सूट मिळाली असती. ती सूटही त्यांनी मागितली नाही, कारण ज्या सवलतीमुळे आपण सुटतो आणि शेजारचा गरीब मुलगा जातो ती त्यांना नको होती. १९५१ साली तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांपैकी तेरा महिने त्यांनी तुरुंगात काढले. सुटका झाली ती मेथडिस्ट मिशन बोर्डाच्या हवाली, आणि बोर्डाने त्यांना पाठविले नागपूरला.

हिस्लॉप कॉलेज १८८३ सालचे. १८४५ साली नागपुरात आलेल्या आणि १८६३ साली नदीत बुडून वारलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनरीच्या नावाचे. लॉसन तेथे मुलांचे खेळ घेत आणि विद्यार्थ्यांमध्ये सेवाकार्य करीत. गांधीजींना जाऊन पाच-सहाच वर्षे झाली होती. सेवाग्राम आश्रम नागपुराहून काही तासांच्या वाटेवर. गांधीजींबरोबर काम केलेली माणसे हयात होती आणि भेटत होती. सत्याग्रह म्हणजे चांगुलपणाचा उपदेश नव्हे; त्याला शिस्त, तयारी, नियम लागतात, सैनिकासारखी कवायत लागते, हे लॉसन यांनी त्या काळात समजून घेतले. ते काही येथे येऊन नवा धर्म शिकले नाहीत. डोंगरावरील प्रवचन त्यांनी येताना बरोबरच आणले होते. ते रस्त्यावर कसे उतरवावे, हे त्यांना या देशात दिसले. आम्हांला या ठिकाणी थोडे ओशाळल्यासारखे होते, ते लपवीत नाही. सातासमुद्रापलीकडचा एक ख्रिस्ती तरुण आपल्या दारी येऊन जे उचलून घेऊन गेला, ते आपल्या मंडळ्यांतून किती जणांनी उचलले?

१९५५ च्या डिसेंबरात नागपुरातच ‘नागपूर टाइम्स’ या वर्तमानपत्रात त्यांनी बातमी वाचली. अमेरिकेच्या दक्षिणेत माँटगोमेरी शहरी कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला असून त्यांचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाळक आहे. ती वाचून ते आनंदाने ओरडत उड्या मारू लागले. ज्याची वाट पाहात होतो ते घरी सुरू झाले होते.

१९५७ च्या फेब्रुवारीत ओबर्लिन येथे दोघांची भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. लॉसन म्हणाले की शिक्षण पुरे करून मी दक्षिणेत येईन. किंग यांनी आग्रह धरला की थांबू नका, आताच या. लॉसन यांनी अभ्यासक्रम सोडला आणि १९५८ च्या आरंभी टेनेसी प्रांतातील नॅशव्हिल शहरात जाऊन राहिले.

आता आपण या पाठाच्या गाभ्याशी आलो.

नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांतून कृष्णवर्णीयांना कापड, भांडी, वह्या, काय वाटेल ते विकत घेता येई. पण त्याच दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर बसून चहाचा पेला मागता येत नसे. कपडे घालून पाहण्यालाही आडकाठी. लॉसन यांनी एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात कॉलेजच्या मुलामुलींचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून एक संध्याकाळ. त्या वर्गात पुढे अमेरिकन काँग्रेसचे सभासद झालेले जॉन लुईस होते, डायन नॅश होत्या, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेत होते. त्या वेळी ती सारी वीस-बावीस वर्षांची पोरे.

वर्गात प्रथम वाचन आणि चर्चा होई. येशूचे शब्द, गांधीजींचे प्रयोग, जुन्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी युद्धाला दिलेला नकार, सगळे येई. पण तेवढ्यावर वर्ग सुटत नसे. मग खुर्च्या ओळीने मांडीत. हे दुकानातले काउंटर. काही जण त्यावर बसत आणि बाकीचे गुंड होत. गुंड शिव्या देत, सिगारेटचा धूर तोंडावर सोडीत, केस ओढीत, खुर्चीवरून खाली पाडीत. बसलेल्यांनी काय करावयाचे? ओरडावयाचे नाही, हात उचलावयाचा नाही, पळावयाचेही नाही. डोके दोन्ही हातांनी कसे झाकावे, शेजारच्याला मार बसत असेल तर आपण त्याच्या अंगावर कसे पडावे, मारणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून कसे पाहावे, हे शिकावयाचे. नंतर अदलाबदल. जो मार खात होता तो आता गुंड. लॉसन बाजूला उभे राहून मध्येच थांबवीत आणि विचारीत: त्या क्षणी तुझ्या मनात काय आले? राग आला? कोठे आला?

आपण रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षे मत्तयाचा पाचवा अध्याय शिकवीत आहोत. मुले तो तोंडपाठ म्हणतात, बक्षीसही मिळते. पण शत्रूवर प्रीती करण्याचा सराव आपण कधी करवून घेतला आहे काय? गाण्याचा करवून घेतो. नाताळच्या नाटकाचा तर महिनाभर आधी. प्रीती तेवढी वेळ आली की आपोआप येईल, असे आपण कशावरून धरून चाललो?

हे वाचल्यावर आम्ही आमच्या मोठ्या वर्गात तसा प्रयोग केला. तो फसला, हेही सांगितले पाहिजे. चार मुले खुर्च्यांवर बसविली, चौघांना त्यांना त्रास द्यावयास सांगितले, हात लावावयाचा नाही अशी ताकीद दिली. पहिली पाच मिनिटे सगळे हसत होते. मग एकाने दुसऱ्याच्या वडिलांच्या धंद्यावरून काही बोलले, आणि ज्याला बोलले त्याने खुर्ची मागे ढकलून खरोखरीचा ठोसा दिला. आम्ही वर्ग थांबविला, दोघांना पाणी दिले. इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, “पण काका, नुसता मार खाऊन कोणी जिंकते का?”

आम्हांला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. शिक्षकांनी असा प्रयोग करावयाचा ठरविल्यास आमच्याहून सावधपणे करावा, आणि या प्रश्नाचे उत्तर आधी शोधून ठेवावे. आम्ही नंतर जे शोधले ते असे.

नॅशव्हिलची मुले नुसता मार खात नव्हती. १३ फेब्रुवारी १९६० या शनिवारी सव्वाशेच्या सुमारास विद्यार्थी चांगले कपडे घालून, हातात अभ्यासाची पुस्तके घेऊन तीन दुकानांत गेले आणि काउंटरवर बसले. तसेच पुन्हा पुन्हा. २७ फेब्रुवारीला गुंडांनी हल्ला केला, तेव्हा पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या सुमारे ऐंशी जणांना पकडले. एक तुकडी पकडली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. इकडे गावातल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांनी ठरविले की यंदा इस्टरची खरेदी त्या दुकानांतून करावयाची नाही. इस्टरला नवे कपडे घालून चर्चला जाण्याची तेथील रीत, आणि दुकानदारांची मोठी कमाई त्याच दिवसांत. त्या इस्टरला लोक जुन्या कपड्यांत उपासनेला आले. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांच्या वकिलाचे घर बाँबने उडविण्यात आले. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्याच दिवशी हजारो लोक एक अक्षर न बोलता नगरभवनापर्यंत चालत गेले. तेथे डायन नॅश यांनी महापौरांना सरळ विचारले की केवळ वर्णावरून माणसात भेद करणे तुम्हांला योग्य वाटते काय? महापौरांनी सर्वांसमोर कबूल केले की नाही वाटत. १० मे रोजी सहा दुकानांची काउंटरे सर्वांना खुली झाली.

म्हणजे मार सोसणे हा त्यातला अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग म्हणजे अन्यायाला आपला पैसा, आपली हजेरी, आपला होकार न देणे. दोन्ही एकत्र असल्यावाचून चालत नाही, असे लॉसन यांचे शिकविणे होते. एवढे त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी सांगितले. तिचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही.

त्याच दिवसांतली एक हकिकत मुलांना फार आवडते. रस्त्यावर काळे कातडी जाकीट घातलेला एक गोरा तरुण लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्यालाच विचारले, “तुमच्याजवळ रुमाल आहे का?” तो इतका गोंधळला की त्याने खिशातून रुमाल काढून दिला. लॉसन यांनी तोंड पुसले, रुमाल परत केला आणि त्याच्या जाकिटाकडे पाहून चौकशी केली की तुमच्याकडे मोटारसायकल आहे की काय? होती. मग थोडा वेळ दोघे मोटारसायकलीविषयी बोलत उभे राहिले. तो तरुण पुढे सुधारला की नाही, हे कोणाला ठाऊक नाही. शिक्षकांनी आपल्या पदरचे सुधारून सांगू नये.

या कामाबद्दल व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना पदवीच्या तोंडावर, मार्च १९६० मध्ये, काढून टाकले. ईश्वरविज्ञान विभागाच्या बहुतेक प्राध्यापकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. शेहेचाळीस वर्षांनी, २००६ साली, त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने शिकविण्यासाठी बोलाविले, आणि ते गेले.

पण आपल्याला मेम्फिसकडे जावयाचे आहे, कारण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तेथे उघडतो. शेतात राबलेल्यांची मजुरी अडकवून ठेवली तर ती मजुरीच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब सांगतो. हा भाग आपल्या व्यासपीठांवरून फारसा वाचला जात नाही.

मेम्फिस हे टेनेसी प्रांतातलेच मोठे शहर. १९६२ पासून लॉसन तेथील एका मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते. शहराचा कचरा उचलणारे सुमारे तेराशे कामगार जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. लोकांच्या परसातून कचऱ्याची टोपली डोक्याखांद्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यावयाची; टोपलीला भोक असले की घाण पाणी मानेवरून अंगात उतरे. अंग धुण्याची सोय नाही. मजुरी इतकी तुटपुंजी की पूर्ण वेळ काम करूनही कित्येकांना सरकारी मदतीवर घर चालवावे लागे. पाऊस आला की कृष्णवर्णीय कामगारांना घरी धाडीत व दिवसाचा पगार कापीत. गोरे मुकादम मात्र पूर्ण पगारावर बसून राहात.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी असाच पाऊस होता. एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या पेटीत शिरले. कचरा दाबण्याचे यंत्र बिघडलेले होते; ते आपोआप सुरू झाले आणि दोघांना त्याने आत ओढून चिरडले. त्या गाडीबद्दल कामगारांनी आधी तक्रारी केल्या होत्या. दोघांच्या घरच्यांना विम्याचा पैसा मिळाला नाही. शहराने महिन्याचा पगार आणि पुरण्याच्या खर्चासाठी पाचशे डॉलर दिले.

१२ फेब्रुवारीला तेराशे माणसे कामावर गेली नाहीत. महापौर म्हणाले की संप बेकायदा आहे, बोलणी होणार नाहीत. २३ तारखेच्या मोर्चात पोलिसांनी डोळ्यांत झोंबणारा औषधी फवारा मारला, त्यात पाळकही होते आणि लॉसनही होते. दुसऱ्याच दिवशी कृष्णवर्णीय मंडळ्यांचे पाळक एकत्र जमले, संपाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी समिती केली आणि लॉसन यांना अध्यक्ष नेमले. त्यानंतर चर्चमधून संध्याकाळी सभा भरू लागल्या, थाळी फिरू लागली, संपकऱ्यांच्या घरचे धान्य आणि घरभाडे त्यातून जाऊ लागले. बाजारातील दुकानांवर आणि संपाविरुद्ध लिहिणाऱ्या दोन वर्तमानपत्रांवर बहिष्कार पडला. लॉसन कामगारांना सांगत की माणसाला माणूस न मानणे, हेच या सगळ्याच्या मुळाशी आहे. मार्चअखेर कामगार जे फलक घेऊन निघाले त्यांवर एवढेच होते: मी माणूस आहे.

फलकावर ना पगाराचा आकडा, ना मागण्यांची यादी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याविषयी जे सांगितले आहे, ते कचरा उचलणाऱ्याने स्वतःच्या छातीवर टांगून रस्त्याने मिरविले, याहून मोठी साक्ष आम्हांला तरी ठाऊक नाही.

लॉसन यांनी आपले मित्र किंग यांना बोलाविले. ते १८ मार्चला आले, प्रचंड सभा झाली. २८ मार्चच्या मोर्चाच्या अग्रभागी दोघेही होते, आणि तो मोर्चा बिघडला. मागच्या बाजूच्या काही तरुणांनी दुकानांच्या काचा फोडल्या. पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन धावले. लॉसन यांनी कर्णा हातात घेऊन मोर्चा तेथेच थांबविला, सर्वांना चर्चकडे परतण्यास सांगितले आणि किंग यांना तेथून बाहेर काढविले. सोळा वर्षांचा लॅरी पेन हा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. दहा वर्षे अहिंसेची शिस्त शिकविणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत हे झाले. हा भाग गाळण्याचा मोह होतो, गाळू नये. तळघरात बसून शिकलेली माणसे थोडी होती आणि रस्त्यावर आलेली फार. शिकविल्यावाचून शिस्त येत नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसले, आणि त्याची किंमत एका पोराने दिली.

किंग पुन्हा शांततेचा मोर्चा काढून दाखविण्यासाठी ३ एप्रिलला परत आले. त्या वादळी रात्रीच्या भाषणात त्यांनी लॉसन यांचे नाव घेऊन त्यांच्या अनेक वर्षांच्या झगड्याचा गौरव केला. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी, त्यांना गोळी घालण्यात आली.

लॉसन यांच्या निमंत्रणावरून ते मेम्फिसला आले होते. पाळकांनी हे क्षणभर मनात धरावे. त्या रात्री शहरे पेटत असताना लॉसन यांनी रेडिओवरून शांततेचे आवाहन केले. सकाळी गोरे आणि कृष्णवर्णीय असे दीडशेहून अधिक पाळक कथीड्रलमध्ये जमले आणि तेथील डीनने वेदीजवळचा क्रूस उचलून हातात धरला. त्या क्रूसामागे सगळे नगरभवनापर्यंत चालत गेले आणि महापौरांना म्हणाले की हे मिटवा. संप सुरू होऊन तोवर ५३ दिवस झाले होते. क्रूस चर्चबाहेर पडला याचा आनंद मानावा की ५३ दिवस तो आत राहिला याचे दुःख, हे वर्गाने ठरवावे. आमच्या वर्गात यावर भांडण झाले.

१६ एप्रिलला समझोता झाला. युनियनला मान्यता मिळाली, तासाला पंधरा सेंट मजुरी दोन हप्त्यांत वाढली. निवृत्तिवेतनाचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळला. शेवटी २०१७ साली, जवळजवळ पन्नास वर्षांनी, शहराने त्या संपातील हयात असलेल्या मूठभर वृद्धांना प्रत्येकी पन्नास हजार डॉलर देण्याचे जाहीर केले आणि पुढे ती रक्कम वाढविली. तोवर बाकीचे मातीआड झालेले.

आणखी एक गोष्ट, आणि ती आमच्या गळी अजूनही पुरती उतरलेली नाही. किंग यांच्या खुनाबद्दल जेम्स अर्ल रे यास नव्व्याण्णव वर्षांची कैद झाली. लॉसन तुरुंगात जाऊन त्याला भेटत. रे हाच खरा गुन्हेगार आहे याबद्दल त्यांना शंका होती, हे खरे. पण इतर बहुतेकांच्या दृष्टीने तो त्यांच्या मित्राचा मारेकरी होता. १९७८ साली त्या कैद्याने तुरुंगातच लग्न केले, तेव्हा ते लग्न लॉसन यांनी लावले. पुष्कळ जण नाराज झाले. कैद्याला पाळक मागण्याचा हक्क नसतो काय, हा प्रश्न आम्ही वर्गात ठेवून पाहिला आहे. मोठी माणसे गप्प राहतात, मुले बोलतात.

१९७४ पासून १९९९ पर्यंत लॉसन लॉस एंजेलिस येथे एका मोठ्या मंडळीचे पाळक होते. तेथे त्यांनी हॉटेलांत खाटा घालणाऱ्या बायका आणि रात्री कचेऱ्या झाडणारे लोक यांच्यासाठी तेच तळघरातले वर्ग पुन्हा सुरू केले. बहुतेक जण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, भाषा वेगळी. लॉसन त्यांच्याबरोबर रस्त्यावर बसत व अटक करून घेत. १९९६ साली त्यांच्या पुढाकाराने पाळक आणि सामान्य मंडळी यांची मजुरीच्या न्यायासाठी संघटना उभी राहिली. निवृत्त झाल्यावरही ते विद्यापीठात अहिंसा शिकवीत राहिले. २०२१ मध्ये तेथील विद्यापीठाने आपल्या कामगार केंद्राच्या इमारतीला त्यांचे नाव दिले, आणि २०२३ मध्ये नॅशव्हिल येथे त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. नागपुरात त्यांच्या नावाचे काही व्हावे असे आमच्या एका मित्राचे म्हणणे आहे. हरकत नाही. पाटी लावावयास खर्च थोडा येतो.

आमच्या वर्गात शेवटी असे झाले. मेम्फिसच्या त्या दोन कामगारांची नावे आम्ही फळ्यावर लिहिली होती. आपल्याकडे हाताने मैला साफ करविण्यावर कायद्याने बंदी आहे, तरी गटारात गुदमरून माणसे मरतात, हे मुलांना वर्तमानपत्रातून ठाऊक होते. त्यावर बोलता बोलता, मागे ठोसा देणारा तोच मुलगा म्हणाला, “काका, आपल्या चर्चचे आवार झाडायला बाई येतात त्यांचे नाव काय?”

वर्गात कोणालाच माहीत नव्हते. आम्हांलाही नव्हते. त्या गेली कित्येक वर्षे येतात. शनिवारी झाडून जातात म्हणून रविवारी आपण स्वच्छ आवारात एकमेकांना ‘सलाम’ करतो. गेल्या शनिवारी आम्ही मुद्दाम लवकर गेलो, नाव विचारले, बसावयास खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. काम आधी त्यांच्या सासूकडे होते. पगार किती, हे विचारल्यावर त्यांनी सांगितले, आणि शेवटचा केव्हा वाढला, हे त्यांना आठवले नाही. आम्ही मंडळीचे जुने जमाखर्चाचे पुस्तक काढून पाहिले. सात वर्षांपूर्वी वाढला होता, पन्नास रुपयांनी.

हा विषय येत्या पंच-सभेच्या कामकाजात घ्यावा असा अर्ज मोठ्या वर्गाने लिहिला आहे. खाली अकरा मुलांच्या सह्या आहेत आणि बाराव्या जागी आमची. सभा महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी आहे.